पायऱ्यांचा गड, ताऱ्यांची मोहीम

1959-60 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू केली. धावणे, उडी, फेक अशा चाचण्या ठरल्या, वयोगटांप्रमाणे पातळ्या आखल्या गेल्या आणि जो जी पातळी गाठेल त्याला तसे मानचिन्ह मिळू लागले: एक तारा, दोन तारे, तीन तारे. साठ वर्षांनी, 29 ऑगस्ट 2019 रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीला ‘फिट इंडिया’ चळवळीची घोषणा झाली आणि पाठोपाठ शाळांसाठी मानांकन आले. त्याचेही टप्पे तीनच: ध्वज, तीन तारे, पाच तारे. पहिल्या खेपेला तारे मुलाच्या छातीवर होते, दुसऱ्या खेपेला ते शाळेच्या नावापुढे लागले. मधल्या काळातही सरकार स्वस्थ बसले नव्हते. कुंझरू समितीने शाळांतले शारीरिक शिक्षण, राष्ट्रीय शिस्त योजना आणि ऑक्झिलरी कॅडेट कोअर (एसीसी) यांची एकत्र मोट बांधायला सांगितली, त्यातून 1965 मध्ये नॅशनल फिटनेस कोअर निघाले. आज ही नावे बी.पी.एड.च्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरती पाठ असतात, बाकी कुणाला ठाऊकही नाहीत. आणि 2016 च्या आकड्यांवर आधारलेली जागतिक आरोग्य संघटनेची पाहणी सांगते, की 11 ते 17 या वयातली जगातली 81 टक्के आणि भारतातली सुमारे 74 टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत. दर पिढीला मोहीम नव्याने काढावी लागते, म्हणजे आधीची मोहीम मुरलेली नसते.

ती का मुरत नाही, याची उत्तरे तयार असतात. मुले मोबाइलला चिकटली, मैदाने गेली, पी.टी.चा तास गणिताच्या शिक्षकाने पळवला. ही सगळी खरी आहेत, पण 1959 साली मोबाइल नव्हता आणि मैदाने होती. तेव्हाची मोहीमही विरूनच गेली. माझे म्हणणे असे, की दोष मोहिमेच्या घडणीत शोधावा. शाळेतला व्यायाम आपण दोन साच्यांतून काढला, एक कवायतीचा आणि दुसरा परीक्षेचा. याच काळात, याच गावांत, सगळे घरदार मिळून अंग हलवते अशी तिसरी एक घडण डोळ्यांसमोर चालू होती, पण तिच्याकडे व्यायाम म्हणून कुणी पाहिलेच नाही. ही घडण यात्रेची. तिचा पुरावा तपासायला रामटेकसारखे गाव नाही, कारण तिथे एका टेकडीवर दीड हजार वर्षांच्या चालण्याच्या खुणा सापडतात आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी आजच्या शाळा भरतात.

रामटेक नागपूरच्या ईशान्येला सुमारे 50 किलोमीटरवर आहे. पाचव्या शतकात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, इथून दोन-तीन कोसांवर होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या, म्हणजे याच टेकडीवरच्या देवाच्या, पायांपाशी दिल्याचे त्यातच नोंदले आहे आणि ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिच्या दुसऱ्या लेखात दानाची तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी आहे. रामटेकच्या मोठ्या यात्रेचा महिना आजही कार्तिकच. एवढ्यावरून यात्रा तेव्हापासून अखंड चालली असे म्हणता येणार नाही, मधल्या शतकांचा तसा सलग पुरावा नाही. पण राजधानी सपाटीवर आणि देव टेकडीवर अशी मांडणी असली, की ठरलेल्या तिथीला माणसांनी चढून जावे हे ओघानेच येते. लक्ष्मणाच्या देवळातला, यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आपल्याला त्याहून उपयोगाचा आहे. टेकडीवरची आणि भोवतालची तीर्थे त्यात नावानिशी सांगितली आहेत. नुसती देवाची स्तुती करायची असती तर देवळापाशी थांबून चालले असते. तीर्थांची यादी देणारा लेख माणसाला फिरवतो. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस रामटेकला येणे याचा अर्थ वर चढून खाली उतरणे एवढाच नव्हता, फेरा पुरा करणे असा होता. त्याच शतकात भडोचकडून रामटेकच्या यात्रेला म्हणून निघालेल्या एका तरुणाची वाट रिद्धपूरवरून गेली, तिथे त्याला गोविंदप्रभू भेटले आणि त्या भेटीतून पुढे महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी घडले, असे लीळाचरित्र सांगते. गुजरातेतल्या माणसाने घराबाहेर पडायला रामटेकचे कारण सांगावे आणि घरच्यांना ते पटावे, इतकी ही वाट तेव्हा रुळलेली होती. वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी तो हाच असे सप्रमाण मांडले आहे, तर सरगुजातल्या रामगढचा दावा सांगणारेही आहेत. आपल्याला त्या वादात पडायचे कारण नाही. कालिदासाचा यक्ष वर्षभर एका जागी झुरत बसला होता, व्यायामाच्या बाबतीत त्याचा कित्ता कुणी गिरवू नये.

आता ही चढण प्रत्यक्ष कशी होते ते पाहिले पाहिजे, कारण वादाचा खरा मुद्दा तिथे आहे. अंबाळा तलावाच्या घाटावर हातपाय धुऊन माणसे पायऱ्यांना लागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात देवळांचा जीर्णोद्धार झाला, तटबंदी आणि दरवाजे आजही उभे आहेत. वराह दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा असे टप्पे करत वाट वर जाते. पिशवीवर डोळा ठेवून काळतोंडी वानरे कठड्यावर बसलेली असतात, त्यामुळे नारळ पदराखाली आणि मुलाच्या हातातला चिवडा आईच्या हातात जातो. घरातली सर्वांत म्हातारी बाई कुटुंबाचा वेग ठरवते. ती थांबली की सगळे थांबतात. लहान पोर मात्र थांबत नाही. ते पुढच्या वळणापर्यंत पळते, आजी अजून मागेच आहे असे पाहून खाली येते, पुन्हा पळते. मोठी माणसे एकदा गड चढतात तेवढ्या वेळात हे पोर दीड-दोनदा चढलेले असते आणि वर पोचल्यावर त्याला कुणी शाबासकी देत नाही, कारण आपण काही केले असे त्यालाही वाटलेले नसते. कोणत्याही चाचणीत ही दुप्पट चढण मोजली जाणार नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत हेच पोर कदाचित शेवटून दुसरे येईल, आणि पुढच्या वर्षी पोट दुखते म्हणून घरी राहील.

यात्रेची घडण इथे उघडी पडते. वेग मंद माणसाच्या हाती असतो, तरी चपळाला अडथळा होत नाही. दमणे ही लाज वाटायची गोष्ट नसते, दमलेल्यांसाठी वाटेत कट्टे बांधलेले असतात. आणि पोचायला काहीतरी असते: दर्शन असते, वरून दिसणारे तळे असते, कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री पेटणारा टिपूर असतो. हे सारे ऋतू धरून असते. रामनवमीला चैत्राचे ऊन तापलेले असते, पण मोठी गर्दी कार्तिकात, विदर्भात अंग हलवावेसे वाटते तेव्हा. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस, उरलेल्या महाराष्ट्राहून उशिरा उघडतात, हा त्याच शहाणपणाचा सरकारी अवतार म्हणायचा. अशाच घडणीची छोटी रूपे नागपूर भागात गल्लीगल्लीत दिसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळाशी, 1806 शी त्याचा आरंभ जोडतात. लाकडी नंदी चाकांवर ओढत मुले घरोघरी जातात, दारात बोजारा मिळतो. आठवडाभर पोर कुरकुरत शाळेत जात असले तरी त्या दिवशी ते नंदी घेऊन किती आळ्या पालथ्या घालते याचा हिशेब नसतो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जाणाऱ्या भुलाबाईच्या मुली, हेही त्याच जातीचे. हालचाल आहे, पण ती हालचालीसाठी नाही.

आता शाळेतला व्यायाम कुठून आला ते पाहू. आपल्याकडे आखाडा जुना. मलखांबाची परंपरा उत्तर पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांपासून सांगतात. विसाव्या शतकात आखाड्याला राष्ट्रकारणाची धार आली. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले. वऱ्हाड-मध्यप्रांतातल्या शिक्षकांना व्यायाम शिकवण्याचे मोठे काम या संस्थेने केले, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आखाड्याची प्रेरणा सांगितली जायची ती अशी: देश दुबळा झाला आहे, तरुणांनी बळ कमवावे. 1926 च्या रामनवमीला नागपुरातून डॉ. हेडगेवारांच्या, वर्षही न झालेल्या संघटनेचे तरुण गणवेशात रामटेकला गेले आणि देवळात लोटणाऱ्या गर्दीला त्यांनी रांगा लावून दिल्या. त्या दिवशी रामटेकवर अंग हलवण्याच्या दोन रीती समोरासमोर होत्या. एक रांगेतली, एकाच वयाची, पुरुषांची, हुकमावर चालणारी. दुसरी घोळक्यातली, सर्व वयांची, रमतगमत चालणारी. गर्दीचे चेंगराचेंगरीपासून रक्षण करायचे तर पहिलीच हवी, यात शंका नाही. पुढे शाळांनी स्वीकारली ती हीच रीत, आणि ती स्वीकारताना संघटना कुठल्या विचाराची हा प्रश्न नव्हताच. एसीसी, एनसीसी, शिस्त योजना, स्काउट, सगळ्यांनी सावधान-विश्रामच उचलले. त्यातून मोठ्या मेळाव्यांना शोभा आली. घरी जाऊन कुणी आईबरोबर सावधान-विश्राम केले नाही.

खेळांचेही असेच झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधले, हुतूतूचे नियम 1923 मध्ये बडोद्याला पक्के झाले. नियम झाले म्हणून हे खेळ जगापुढे गेले, आज त्यांच्या लीग चालतात, दूरदर्शनवर दिसतात. पण खो-खोच्या मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू. चारशे मुलांच्या शाळेत दोन संघ खेळले की उरलेली शाळा दोरीबाहेर उभी राहून ओरडते. नियम नव्हते तेव्हा बसणारांची रांग हवी तेवढी लांब करता येत असे. स्पर्धा जितकी चोख, तितके बघे जास्त, हे खेळाच्या दर्जाला पोषक असेल. शाळेच्या आरोग्याला नाही. ‘फिट इंडिया’च्या शालेय सप्ताहात सुचवलेल्या उपक्रमांत प्रश्नमंजूषा, निबंध आणि पोस्टर यांचाही समावेश होता. तंदुरुस्तीवर बसून चित्र काढायचे आणि बक्षीस घ्यायचे, इथपर्यंत स्पर्धेचा साचा आपल्याला घेऊन आला.

हा आपल्याच मातीचा दोष आहे असे मात्र नाही. 1950 च्या दशकात क्राउस-वेबर चाचणीत निम्म्याहून जास्त अमेरिकन मुले नापास झाली, युरोपातल्या मुलांत हे प्रमाण दहातल्या एकाहूनही कमी होते. शीतयुद्धाच्या भीतीत आयझेनहॉवर यांनी 1956 मध्ये खास परिषद नेमली, केनेडींनी अमेरिकन माणूस मऊ पडल्याचा लेख लिहिला, आणि शाळाशाळांत दोरीला लोंबकळून गुण मिळवण्याची परीक्षा आली. पिढ्यान्‌पिढ्या गोल शरीराच्या मुलांनी त्या परीक्षेचा धसका घेतला. 2012-13 च्या शालेय वर्षानंतर तिची जागा वैयक्तिक प्रगती पाहणाऱ्या नव्या कार्यक्रमाने घेतली. रोज दहा हजार पावले हा आकडाही वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे यंत्र’ असे होते. आकडा गोल होता, म्हणून टिकला.

या सगळ्या प्रयोगांत एक अपवाद महाराष्ट्रातच आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला अर्धा आधार देतो, अर्धा धक्का. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांनी ध्यास घेतला, त्यावर पुस्तक लिहिले, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले. इतरांपेक्षा त्यांचे वेगळेपण हे, की त्यांनी व्यायाम आखाड्यातून काढून घरात आणला. स्वतः राजा घालतो, राणीसाहेब घालतात, मुले घालतात, मग प्रजेने का घालू नयेत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बायकांसाठी हा व्यायाम तितकाच आहे, हे त्या काळी इतक्या मोकळेपणाने सांगणारे थोडे. औंध संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, शाळेतली सक्तीही त्याच्याबरोबर गेली, पण सूर्यनमस्कार गेले नाहीत. आज रथसप्तमीला कितीतरी शाळांत, घरांत ते घातले जातात. आता इथे ना टेकडी, ना देऊळ, ना पोचायचे ठिकाण, तरी ते टिकले. मग यात्रेच्या घडणीतली पोचण्याची जागा हा कळीचा भाग नसावा, हे मला मान्य करावे लागेल. कळीचा भाग सोबतीचा. आईबाप आणि मूल यांनी एकच गोष्ट एका वेळी करणे, आणि ती करायला परीक्षक न लागणे, एवढे औंधने साधले होते. संस्थानाचा हुकूम हा त्यातला सर्वांत कच्चा धागा होता, आणि तोच आधी तुटला.

या मांडणीवर आक्षेप येतील आणि त्यातले काही जड आहेत. पहिला असा, की वर्षातून एकदा गड चढून कुणाचे आरोग्य सुधारले? मुलांना रोज साठ मिनिटे हालचाल हवी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ‘फिट इंडिया’च्या ध्वजाच्या अटींतही रोज एक खेळाचा तास आणि प्रत्येक मुलाला साठ मिनिटे हेच आहे. अट उत्तम आहे. पण हा आक्षेप जुन्या रामटेकला लागू पडत नाही, कारण तेव्हा रोजची साठ मिनिटे जगण्यातच होती. पानमळ्यात पाणी घालणारा, विहिरीवरून घागरी आणणारी, मनसरच्या मॅंगनीजच्या खाणीत राबणारी माणसे यात्रेला आली की त्यांना व्यायामाची गरज नव्हतीच. आजच्या गावाला तो लागू पडतो. म्हणून यात्रेने रोजच्या खेळाच्या तासाची जागा घ्यावी असे माझे म्हणणे नाही. रोजचा तास मुलाला मिळतो, घराला मिळत नाही. आणि घर बसलेले असेल तर शाळेतला तास घरच्या सोफ्यावर मावळतो. घराला हलवणारे काही हवे, ते काम चाचणीने झालेले नाही एवढेच साठ वर्षांचा इतिहास दाखवतो.

दुसरा आक्षेप याच्याच पोटातून निघतो. हे सगळे गतकाळाचे गोडवे आहेत; लोक चालत, कारण गाडी नव्हती, आणि जत्रांनी पटकीही पसरवली. ज्यांच्या पाठीवर ओझे होते त्यांना कुणी तंदुरुस्तीचे आव्हान दिले नव्हते, ते नाइलाजाने चालत होते. हे पूर्ण खरे आहे. बंगाल नागपूर रेल्वेची शाखा रामटेकपर्यंत आली तेव्हा लोकांनी ती आनंदाने घेतली, मोटार थेट गडावर जाऊ लागली तेव्हाही घेतली. गुडघे गेलेल्या आजीला रस्त्याने वर नेता येते याचे कुणाला वाईट वाटावे? ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम कष्टालाच शिक्षण करू पाहत होती, पण पालकांनी ती मनापासून स्वीकारली नाही. पोराच्या हातून कुदळ सुटावी म्हणूनच ते त्याला शाळेत घालत होते. म्हणजे कष्टाची सक्ती परत आणून चालणार नाही, आणलीच तर लोक ती मोडतील. पायऱ्या आता ऐच्छिक झाल्या आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: रस्ता झाल्यावरही कार्तिकात पायऱ्यांवर माणसे असतात. ज्यांना गाडीने जाता येते तीही त्यात असतात. नाइलाज संपल्यावरही चालू राहिलेली गोष्ट नाइलाजाची नव्हती, निदान पूर्णपणे नव्हती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यात्रा एका धर्माची, आणि तिच्यातही सगळ्यांना सारखे स्थान कधीच नव्हते. देवळाच्या दारात कुणाला किती आत घेतले गेले हा इतिहास नागपूर भागात कुणी कुणाला शिकवायला नको. सरकारी शाळेतल्या मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती मुलांना गडावरच्या दर्शनाचे आव्हान शाळेने देऊ नये, आणि कुणी दिलेच तर पालकांनी ते नाकारावे. पण यात्रेची घडण आणि यात्रेचा देव या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि हे सिद्ध करायला नागपूरपेक्षा चांगली जागा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दर धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जे लोक येतात, ते पोराबाळांसह, म्हाताऱ्यांसह येतात, पुस्तकांच्या पिशव्या घेऊन मैलोगणती चालतात. जुन्या तीर्थांशी ज्यांनी नाते तोडले त्यांनी चालण्याची ही रीत आपल्या अर्थाने पुन्हा उभी केली. ताजबागेतल्या ताजुद्दीन बाबांच्या उरुसालाही अशीच कुटुंबे येतात. खुद्द रामटेकला शांतिनाथाचे जैन मंदिर आहे, टेकडीवर कालिदास स्मारक आहे, नगरधनला किल्ला आहे, मनसरला उत्खननात निघालेली विटांची प्राचीन बांधकामे आहेत, खिंडसीचा तलाव आहे. शाळेला पोचायच्या जागांचा तुटवडा नाही, आणि यातल्या बहुतेक ठिकाणी इतिहासाच्या तासाचे कामही उरकते.

चौथा आक्षेप शिक्षणखात्यातून येईल: मोजले नाही तर झाले कसे समजायचे? ज्या मुलाला दम लागतो, ज्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे, ते चाचणीशिवाय कळणार कसे? इथे मी अर्धी माघार घेतो. चाचणी शिक्षकाला आणि डॉक्टरला हवी, दप्तरी हवी, वजन-उंचीसारखी. तिचे तारे करून वर्गात वाटले की मात्र तीच चाचणी उलट काम करते. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती आधी बाहेर घालवते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य आवश्यक धरले आहे. त्याची मोजणी खात्याने निर्दयपणे करावी. मैदान मोजण्याची गोष्ट आहे, मुलाची चढण नाही.

मग रामटेकच्या एखाद्या शाळेने पालकांसह चालण्याचे आव्हान काढायचेच ठरवले तर ते कसे असावे, हा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. पावसाळा सरल्यापासून माघापर्यंत दर महिन्याला एक वाट ठरवावी: एकदा अंबाळ्याकडून पायऱ्यांनी कालिदास स्मारकापर्यंत, एकदा खिंडसीकडे, एकदा नगरधन. अट एवढीच, की मूल एकटे येणार नाही. घरातले किंवा शेजारचे कुणीतरी मोठे माणूस बरोबर हवे, आणि दोघांनी एकत्र पोचायचे. पहिला-दुसरा नंबर नाही. ज्याला चढवत नाही त्याने आपल्या पायाला झेपेल त्या टप्प्यापर्यंत यावे, आणि त्याच्याबरोबरच्यांनी तिथे थांबावे. हजेरीत मुलाच्या नावापुढे वेळ किंवा पावले लिहू नयेत, बरोबर कोण आले ते लिहावे. वर्षाअखेरीस शिक्षकाला त्यातून कळेल, की कोणत्या घरातून नेहमी आईच येते, कोणते मूल दर वेळी शेजाऱ्याच्या हाताला धरून येते, आणि कोण कधीच येत नाही. न येणाऱ्यांच्या घरी गेले तर बहुतेक वेळा कारण आळसाचे निघणार नाही. शनिवारी मजुरी बुडते, दुकान उघडावे लागते, आई धुण्याभांड्याच्या कामाला गेलेली असते. तेव्हा आव्हानाचा वार ठरवताना मुख्याध्यापकांनी पालकसभेत पहिला प्रश्न तोच विचारावा, आणि आठवडी बाजाराचा दिवस सुरुवातीलाच खोडून टाकावा.